परीक्षा संपल्या, पण सही करायची पात्रता आली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विमा आणि निवृत्तिवेतनातल्या जोखमींचं गणित मांडणारे तज्ज्ञ आहेत. त्यांनी आयुर्विमा कंपनीत आठ वर्षं प्रायसिंग (दर ठरवणं) आणि व्हॅल्युएशनचं (देण्यांचं मूल्यमापन) काम केलं आहे आणि गेल्या वर्षी फेलोशिप (अ‍ॅक्च्युअरींच्या संस्थेचं सर्वोच्च सदस्यत्व) मिळवली आहे. त्याच समूहाच्या आरोग्य विमा कंपनीतले सही करणारे अ‍ॅक्च्युअरी आता नोकरी सोडून चालले आहेत. वर्षअखेरच्या राखीव निधीवरचं (येणाऱ्या दाव्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम पुरेशी आहे का याचं) मत तुम्ही द्या, असं व्यवस्थापनाने सुचवलं आहे. 'मी फेलो आहे, मग पात्र आहेच ना? आणि नसेन तर नेमकं काय कमी पडतं?' असं त्यांनी विचारलं आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं उत्तर 'नाही' असं आहे. या वर्षी ती सही तुम्ही करू नये. तुमच्या हुशारीबद्दल किंवा फेलोशिपबद्दल मला शंका नाही. एवढ्या परीक्षा नोकरी सांभाळून देणं म्हणजे काय असतं ते मी स्वतः अनुभवलं आहे. पण आपल्या व्यवसायात 'पात्र' हा शब्द एकदा मिळाला की कायमचा आपला होत नाही. कोणत्या कामावर, कोणत्या देशाच्या कायद्याखाली, कोणत्या तारखेला सही करायची आहे हे कळल्याशिवाय कोणी पात्र आहे की नाही हे सांगताच येत नाही. मी वीसहून जास्त वर्षं हे काम करते आहे, आणि निवृत्तिवेतनाच्या बऱ्याच कामांसाठी मी आजही पात्र नाही.

परीक्षांचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून तो लवकर संपवते. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्च्युअरीजने २०१९ पासून जो अभ्यासक्रम आणला त्यात फेलोशिपपर्यंत सात मूलभूत विषय, तीन व्यावहारिक विषय, दोन विशेष विषय आणि एक प्रगत विषय, असे तेरा टप्पे होते. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाचा मार्गही त्याच घडणीचा आहे, फक्त आत शिरायला आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत आयुर्विमा, आरोग्य आणि निवृत्तिवेतन या बाजूला सोसायटी ऑफ अ‍ॅक्च्युअरीज आणि मालमत्ता व अपघात विम्याच्या बाजूला कॅज्युअल्टी अ‍ॅक्च्युअरियल सोसायटी, अशा दोन परीक्षा घेणाऱ्या संस्था आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर इंटरनॅशनल अ‍ॅक्च्युअरियल असोसिएशन ही या संस्थांची संस्था आहे. तिचं पूर्ण सदस्यत्व हवं असेल तर राष्ट्रीय संस्थेकडे ठरावीक शिक्षणक्रम तर लागतोच, शिवाय आचारसंहिता आणि शिस्तभंगाची प्रक्रियाही लागते. हे दोन मुद्दे मुद्दाम सांगते, कारण परीक्षेच्या वर्षांत आपण ते 'प्रोफेशनॅलिझम'चा एक कंटाळवाणा दिवस म्हणून उरकतो, आणि पुढे सगळं त्यांच्यावरच येऊन थांबतं.

परीक्षा ही पहिली अट. तिच्या पुढे तीन अटी आहेत: त्या विशिष्ट कामाचा जबाबदारीचा अनुभव, ताजं ठेवलेलं ज्ञान, आणि त्या देशातल्या कायद्याची व प्रथांची माहिती. जगभरात शब्द वेगवेगळे असतील, पण गंभीरपणे चालणाऱ्या बहुतेक व्यवस्था याच गोष्टी मागतात. अमेरिकेने त्या सगळ्यांत तपशिलात लिहून ठेवल्या आहेत, म्हणून मी उदाहरणं तिथली जास्त देते आहे. तुम्ही सही कुठेही करणार असलात तरी स्वतःला तपासायला ती उपयोगी पडतात.

आधी एक गैरसमज दूर करते. 'आपण सही कुठे करतो, आपण तर फक्त आकडे देतो' असं अनेक तरुण फेलो म्हणतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ अ‍ॅक्च्युअरीजच्या पात्रता निकषांत २००८ साली मोठा बदल झाला. त्याआधी ते निकष प्रामुख्याने कायद्याने मागितलेल्या ठरावीक मतांना लागू होत. २००८ पासून व्याख्या रुंदावली. अ‍ॅक्च्युअरीने व्यावसायिक काम करताना दिलेलं आणि समोरच्याने त्यावर विसंबावं अशा हेतूने दिलेलं कोणतंही मत हे 'अ‍ॅक्च्युअरियल मत' ठरतं. म्हणजे संचालकांना पाठवलेला दोन परिच्छेदांचा ईमेलही त्यात येऊ शकतो. वर्षअखेरची सही तुम्ही नाकारलीत, पण त्याच राखीव निधीबद्दल 'पुरेसा वाटतो' असं लिहून पाठवलंत, तर प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचा कागद बदलतो.

आता अनुभवाकडे येते. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे.

अमेरिकेच्या सर्वसाधारण निकषात किमान तीन वर्षांचा जबाबदारीचा अ‍ॅक्च्युअरियल अनुभव लागतो. त्याशिवाय ज्या विषयावर मत द्यायचं त्या विषयातला अनुभव वेगळा मोजतात. संस्थेचं सर्वोच्च सदस्यत्व आणि त्या विषयाचं शिक्षण असेल तर त्या विषयात, पात्र अ‍ॅक्च्युअरीच्या देखरेखीखाली, निदान एक वर्ष. नसेल तर तीन वर्षं. पण विमा कंपनीच्या वार्षिक विवरणपत्रासोबत नियामकाकडे जाणारं राखीव निधीवरचं मत असेल, म्हणजे तुमच्याकडे मागितलंय तसलं, तर विशेष निकष लागतो. आयुर्विमा, आरोग्य आणि मालमत्ता-अपघात यांसाठी तो वेगवेगळा मोजला जातो. त्याच प्रकारच्या मताशी संबंधित तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि तोही त्या वेळी ते मत द्यायला पात्र असलेल्या अ‍ॅक्च्युअरीच्या तपासणीखाली मिळवलेला. आयुर्विम्यातली आठ वर्षं तिथे चालत नाहीत.

हा नियम आडमुठा वाटेल. मलाही एके काळी वाटला होता. मीही आयुर्विम्यातून आले. रोकडप्रवाह, मृत्युदर, पॉलिसी सोडून देण्याचं प्रमाण, व्याजदर, मालमत्ता आणि देयता यांचा मेळ, हे सगळं अंगात मुरलेलं होतं. मग एका कंपनीत मला आरोग्य विम्याचा राखीव निधी काढायला बसवलं. दाव्यांचा त्रिकोण, म्हणजे कोणत्या महिन्यातल्या उपचारांचे किती दावे कधीपर्यंत चुकते झाले याचा तक्ता, समोर होता. परीक्षेत तो पन्नास वेळा सोडवला होता, तेव्हा मी निर्धास्त होते.

गणित सोपं होतं. समजा एखाद्या महिन्यात घडलेल्या उपचारांचे एकूण दावे शेवटी १०० होतात, आणि अनुभव असा की त्यातले ४० टक्के महिनाअखेरपर्यंत चुकते झालेले असतात. म्हणजे ४० चुकते दिसले की एकूण १०० धरायचे आणि ६० राखून ठेवायचे. माझ्यासमोर शेवटच्या महिन्याचे ३० दिसत होते. ३० भागिले ०.४०, म्हणजे एकूण ७५, म्हणजे राखीव ४५. दावे कमी झालेत, चांगली गोष्ट आहे, असं मी टिपणात लिहिलंसुद्धा.

ज्या ज्येष्ठ अ‍ॅक्च्युअरींच्या हाताखाली मी काम करत होते त्यांनी टिपण वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, 'दावे विभागात जाऊन आलीस का?' मी गेले नव्हते. गेले तेव्हा कळलं की दोन महिन्यांपूर्वी संगणकप्रणाली बदलली होती, कर्मचारी नव्या पडद्यांना सरावले नव्हते आणि न उघडलेल्या दाव्यांचा ढीग पडला होता. उपचार कमी झालेच नव्हते. एकूण दावे १०० च होते, त्यातले फक्त ३० चुकते झाले होते, आणि लागणारा राखीव निधी ७० होता. मी ४५ लिहिला होता. सूत्र बरोबर होतं, भागाकार बरोबर होता, आणि उत्तर एक तृतीयांशाहून जास्त कमी पडत होतं.

आयुर्विम्यात माणूस गेला की गेला. दावा उशिरा कळला तरी घटना एकच असते, रक्कम बहुधा ठरलेली असते. आरोग्य विम्यात रुग्णालयांशी झालेले दरकरार वर्षाच्या मध्यात बदलतात, एखादं महागडं औषध बाजारात येतं, साथ येते, वर्षअखेरीस लोक पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया करून घेतात, दावे तपासणारी बाहेरची एजन्सी बदलते. यातलं प्रत्येक कारण त्रिकोणाच्या शेवटच्या दोन कर्णांत, म्हणजे सगळ्यांत ताज्या आकड्यांत, येऊन बसतं, आणि राखीव निधीचा बहुतेक भाग नेमका तिथूनच निघतो. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. कुठल्या कंपनीत, कोणत्या टेबलाशी जाऊन, कोणता प्रश्न विचारायचा हे मात्र कोणाच्या तरी हाताखाली तीन वर्षअखेरी पार पाडल्याशिवाय कळत नाही. त्या नियमातले 'तपासणीखाली' हे शब्द सगळ्यांत मोलाचे आहेत. एकट्याने केलेली तीन वर्षं म्हणजे कोणी न पकडलेल्या चुकांचीही तीन वर्षं असू शकतात.

'जबाबदारीचा अनुभव' यात काय धरायचं? तयार नमुन्यात दर तिमाहीला आकडे भरणं त्यात बसत नाही. गृहीतकं तुम्ही निवडली का, दोन पद्धतींचे आकडे जुळेनात तेव्हा कोणता का घेतला हे तुम्ही लिहिलंत का, लेखापरीक्षकाच्या प्रश्नांना तोंड दिलंत का, मागच्या वर्षीचा अंदाज प्रत्यक्षाशी ताडून फरकाचं कारण शोधलंत का, हे बघायचं. तुमच्या आठ वर्षांपैकी किती वर्षं या कसोटीला उतरतात तेही एकदा प्रामाणिकपणे मोजा. मी मोजली तेव्हा माझी सहाची चार झाली.

शिक्षणाच्या बाबतीतही एक बारीक छिद्र आहे. विशेष निकषात प्रत्येक प्रकारच्या मतासाठी विषयांची यादी आहे. आयुर्विम्याच्या यादीत पॉलिसींचे प्रकार, लाभांश व पुनर्विमा, गुंतवणुकीचं मूल्यमापन आणि तिच्या प्रवाहांचं देयतांशी नातं अशा गोष्टी येतात. आरोग्याच्या यादीत दर ठरवण्याची तत्त्वं, दाव्यांसाठीचे आणि आकस्मिक राखीव निधी, सामाजिक विमा वगैरे येतं. तुमच्या फेलोशिपच्या विशेष विषयात हे नसेल, तर शिक्षणाची अटही अपुरी राहते. ती भरून काढता येते. स्वतः अभ्यास करायचा, आणि तुमचं ज्ञान जवळून माहीत असलेल्या, ते मत द्यायला पात्र असलेल्या अ‍ॅक्च्युअरीकडून तसं लेखी घ्यायचं. पण तेही सही करण्याआधी व्हायला हवं.

हे सगळं तपासतं कोण? इथे देशादेशांत मोठा फरक पडतो, आणि त्यामागे इतिहास आहे.

अमेरिकेत बहुतेक कामांसाठी वेगळा परवाना नाही. आचारसंहितेचा दुसराच नियम सांगतो की शिक्षण, अनुभव आणि सातत्याने केलेला अभ्यास यांच्या जोरावर पात्र असाल तरच काम करा, आणि ते ठरवायची जबाबदारी पहिल्यांदा तुमचीच. याला तिथे 'आरशात बघायची परीक्षा' म्हणतात. ऐकायला सैल वाटतं, पण तक्रार झाली तर 'अ‍ॅक्च्युअरियल बोर्ड फॉर काउन्सेलिंग अँड डिसिप्लिन' विचारतं की आरशात बघितलं होतं का, आणि त्याचा कागद कुठे आहे. मालमत्ता-अपघात विम्यात तर आता नियुक्त (असं मत देण्यासाठी कंपनीने नेमलेल्या) अ‍ॅक्च्युअरीला आपल्या पात्रतेचे कागद नेमणुकीच्या वेळी आणि दरवर्षी संचालक मंडळापुढे ठेवावे लागतात. मला हा बदल फार आवडला. आपण पात्र का आहोत हे अ‍ॅक्च्युअरी नसलेल्या दहा माणसांना समजेल अशा भाषेत लिहायला बसलं की पोकळ जागा आपल्याच लक्षात येतात.

निवृत्तिवेतनाचं क्षेत्र तिथे याला अपवाद आहे. १९७४ च्या एरिसा कायद्याने 'एनरोल्ड अ‍ॅक्च्युअरी' ही सरकारी नोंदणी आणली. तिच्या परीक्षा वेगळ्या आहेत. अनुभवाची अट महिन्यांत मोजतात: अर्जाआधीच्या दहा वर्षांत ३६ महिने निवृत्तिवेतनाचं जबाबदारीचं काम, किंवा एकूण ६० महिने अ‍ॅक्च्युअरियल काम आणि त्यात निदान १८ महिने निवृत्तिवेतनाचे. नूतनीकरण दर तीन वर्षांनी. तुमची फेलोशिप कितीही मोठी असो, ही नोंदणी नसेल तर ती सही तुमची नाही.

ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवलेल्या भूमिकांसाठी प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट लागतं: आयुर्विमा किंवा सर्वसाधारण विमा कंपनीचा चीफ अ‍ॅक्च्युअरी, विथ-प्रॉफिट्स (नफ्यात वाटा देणाऱ्या पॉलिसींचा) अ‍ॅक्च्युअरी, निवृत्तिवेतन योजनेचा स्कीम अ‍ॅक्च्युअरी, लॉइड्स या लंडनच्या विमाबाजारातल्या सिंडिकेटच्या (विमा उतरवणाऱ्या गटाच्या) राखीव निधीवर मत देणारा. संस्थेची समिती तुमचा अनुभव वाचते आणि प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. चीफ अ‍ॅक्च्युअरीच्या पदाला शिवाय नियामकाची मान्यता लागते.

ब्रिटनच्या व्यवस्थेबद्दल बोलताना इक्विटेबल लाइफची आठवण टाळता येत नाही. १७६२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या याच संस्थेत 'अ‍ॅक्च्युअरी' हे पदनाम विमाक्षेत्रात पहिल्यांदा वापरलं गेलं. १९८८ पर्यंत तिने हमी दिलेल्या अ‍ॅन्युइटी (निवृत्तीनंतरच्या नियमित उत्पन्नाच्या) दराच्या पॉलिसी विकल्या. व्याजदर घसरले, ती हमी महाग झाली, संस्थेने बोनस कमी देऊन तिची किंमत वळवायचा प्रयत्न केला, आणि जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते अमान्य केलं. त्याच वर्षी डिसेंबरात संस्थेने नवा व्यवसाय बंद केला. या प्रकरणाच्या चौकशीवरच्या २००४ च्या पेनरोज अहवालात जे पुढे आलं त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या फेलोला सांगते: १९९१ ते १९९७ या काळात तिथला मुख्याधिकारी आणि नियुक्त अ‍ॅक्च्युअरी एकच व्यक्ती होती. परीक्षा, अनुभव, ज्ञान, सगळं होतं. पण आपल्याच निर्णयांवर स्वतंत्र मत द्यायची जागा उरली नव्हती. त्यानंतर मॉरिस समितीने २००५ मध्ये या व्यवसायाचं परीक्षण केलं, आणि ब्रिटनच्या अ‍ॅक्च्युअरींवर फायनान्शियल रिपोर्टिंग कौन्सिलची देखरेख आली. ऑस्ट्रेलियात २००१ साली एचआयएच ही विमा कंपनी कोसळली. दाव्यांसाठी पुरेशी तरतूद नसणं हे तिच्या पतनाचं मोठं कारण होतं, असं शाही आयोगाने २००३ मध्ये सांगितलं. तिथे जुलै २००२ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना देयतांच्या मूल्यमापनासाठी मान्यताप्राप्त अ‍ॅक्च्युअरी नेमणं सक्तीचं झालं. पात्रतेचे नियम कोणी हौसेने लिहिलेले नाहीत. पॉलिसीधारकांचे पैसे बुडाल्यावर ते लिहिले गेले आहेत.

भारतात २००६ च्या अ‍ॅक्च्युअरीज अ‍ॅक्टनुसार संस्थेचा सदस्य असणं पुरेसं नाही. प्रॅक्टिस करायची तर संस्थेच्या कौन्सिलकडून 'सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस' घ्यावं लागतं. विमा कंपनीत नियुक्त अ‍ॅक्च्युअरी व्हायचं तर विमा नियामकाची मान्यता वेगळी, आणि तिच्या अटी नियामकाच्या विनियमांत असतात. हे विनियम वेळोवेळी बदलले आहेत, त्यामुळे सहकाऱ्याच्या आठवणीवर न जाता चालू मजकूर स्वतः वाचावा.

युरोपीय संघाने चौथीच वाट धरली. २०१६ पासून लागू असलेल्या सॉल्व्हन्सी टू या विमा नियमावलीमध्ये 'अ‍ॅक्च्युअरियल फंक्शन' सक्तीचं आहे, पण ते सांभाळणारी व्यक्ती अ‍ॅक्च्युअरी संस्थेची सदस्य असलीच पाहिजे असं त्यात म्हटलेलं नाही. कंपनीच्या जोखमींचं स्वरूप, आकार आणि गुंतागुंत यांना साजेसं गणिती व वित्तीय ज्ञान आणि अनुभव हवा, असं म्हटलं आहे. अनेक अ‍ॅक्च्युअरींना हा आपल्या व्यवसायाचा कमीपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. पदवीचं नाव काढून घेतलं तरी शिल्लक उरते ती हीच अट: या कंपनीच्या, या जोखमीचं, तुम्हाला कळतं का?

परदेशात काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट. संस्था एकमेकींच्या फेलोशिपला काही प्रमाणात मान देतात, पण ज्या देशात मत वापरलं जाणार त्या देशाचा कायदा आणि त्या देशाची मानकं तुमच्यावर लागू होतात. एका देशात बसून दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी काम करणारे आता खूप आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

आता ताज्या ज्ञानाबद्दल. अमेरिकेचा सर्वसाधारण निकष वर्षाला ३० तासांचा अभ्यास मागतो. तास ५० मिनिटांचा धरतात. त्यातले निदान ६ तास संघटित कार्यक्रमांतले हवेत, म्हणजे जिथे तुमच्या कंपनीबाहेरच्या अ‍ॅक्च्युअरींशी वा तज्ज्ञांशी संबंध येतो. निदान ३ तास व्यावसायिक आचाराचे, आणि २०२२ पासून निदान १ तास पूर्वग्रह या विषयाचा: माहितीत, गृहीतकांत, प्रतिमानांत नकळत शिरणारा कल. सर्वसाधारण व्यवस्थापनाचे ३ पेक्षा जास्त तास धरता येत नाहीत. विशेष मतासाठी त्या मताशी थेट संबंधित १५ तास, त्यातले ६ संघटित. तास आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण असावे लागतात, आणि नोंदी सहा वर्षं सांभाळाव्या लागतात. म्हणजे येत्या वर्षअखेरच्या आकड्यांवर फेब्रुवारीत सही करायची, तर जानेवारीत घाईघाईने वेबिनार ऐकून भागत नाही.

ब्रिटनमध्ये २०२० पासून तासांच्या हिशेबाबरोबर 'चिंतनपर चर्चा' आली. तुम्ही काय शिकलात, त्याने तुमच्या कामात काय बदललं, यावर एका योग्य व्यक्तीशी बोलायचं. सुरुवातीला हे मला अनावश्यक वाटलं. आता वाटतं की तासांपेक्षा तेच जास्त खरं आहे. माझ्या वहीत प्रत्येक कार्यक्रमापुढे तारीख आणि तास लिहून झाले की मी एक ओळ लिहिते: 'यामुळे मी काय वेगळं करणार?' ती ओळ रिकामी राहिली तर तो तास मी मोजत नाही. नियम तसं सांगत नाही, ही माझी सवय आहे.

तर तुम्ही आता काय करावं?

पहिलं, ज्या देशात हे मत दाखल होणार तिथल्या नियामकाचा चालू मजकूर आणि तुमच्या संस्थेचा पात्रता निकष दोन्ही छापून घ्या. एका कागदावर डावीकडे अट आणि उजवीकडे तुमच्याकडचा पुरावा लिहा. 'साधारण आहे' असं उजवीकडे लिहू नका. तारखा, कामाचं नाव, कोणाच्या तपासणीखाली केलं, असं लिहा. शंका असलेली जागा दिसली तर विचारा. अमेरिकेतलं वर उल्लेखलेलं शिस्तमंडळ अ‍ॅक्च्युअरींना गोपनीय मार्गदर्शनही देतं, आणि इतर देशांतही संस्थेकडे किंवा ज्येष्ठांकडे असं विचारता येतं. विचारल्याने कोणाची पत गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

दुसरं, व्यवस्थापनाला लेखी कळवा आणि आजच कळवा. वर्षअखेरीच्या दोन आठवडे आधी 'मी पात्र नाही' म्हणणं कंपनीवर अन्याय करणारं आहे. नकारासोबत पर्याय द्या: या वर्षी आणि पुढची दोन वर्षं बाहेरच्या पात्र अ‍ॅक्च्युअरीने सही करावी, काम तुम्ही करावं, आणि तपासणी त्यांनी करावी. करारात ही तपासणी स्पष्ट लिहून घ्या, कारण तुमचा पुढचा दावा त्या ओळीवर उभा राहणार आहे. सल्लागाराने आपली फाइल आपल्याजवळ ठेवून फक्त दोन पानी मत पाठवलं, तर तुमच्या पदरी अनुभव पडत नाही.

व्यवस्थापन म्हणेल की खर्च वाढेल. वाढेलच. त्यांना हेही सांगा की अपात्र व्यक्तीचं मत नियामकाने परत पाठवलं, तर विवरणपत्र उशिरा जाईल आणि तेच काम दुसऱ्याकडून दुप्पट घाईत करून घ्यावं लागेल. संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीला हा मुद्दा लगेच कळतो. मुख्याधिकारी ऐकत नसतील तर त्या समितीच्या अध्यक्षांना भेटा. सही करणाऱ्या अ‍ॅक्च्युअरीला मंडळापर्यंत थेट जाता येणं हे त्या भूमिकेचंच अंग आहे, आणि ते तुम्ही सही करण्याआधीपासून वापरायला शिकलेलं बरं.

तिसरं, सध्याचे अ‍ॅक्च्युअरी जाण्याआधी त्यांच्याबरोबर बसा. त्यांची सूत्रं तुम्हाला फाइलमधून कळतील. त्यांना हे विचारा: गेल्या तीन वर्षांत त्रिकोणातला कोणता आकडा तुम्ही हाताने बदललात आणि का? कोणत्या रुग्णालयाच्या करारामुळे कोणता महिना वेगळा दिसतो? दावे विभागात खरी परिस्थिती कोण सांगतं? मागच्या तीन वर्षअखेरींचे अंदाज आणि प्रत्यक्ष दावे यांची तुलना मागून घ्या, आणि फरकाची कारणं त्यांच्या तोंडून ऐका. हे बोलणं तारखेसह लिहून ठेवा.

चौथं, विषयांच्या यादीतले तुम्ही न शिकलेले भाग या वर्षीच सुरू करा, आणि आरोग्य विम्याशी थेट संबंधित तास आतापासून वेगळ्या रकान्यात मोजा.

नेमणुकीच्या पत्राचा मसुदा तुमच्याकडे आला असेल तर अजून त्यावर सही करू नका. त्यात तुमच्या पात्रतेबद्दल एखादं वाक्य असणारच. आधी तो दोन रकान्यांचा कागद पूर्ण करा, मग ते वाक्य त्याच्या शेजारी ठेवून वाचा.